दहा वाजताची नीरा

तुमचे आजोबा एकदा महिनाभर शिरगावला होते. हवापालटासाठी गेले होते, असं मी तुमच्या आईला सांगितलं होतं. आता तुम्हीही मोठे झालात, तेव्हा खरं सांगते. ते दारू सोडायला गेले होते.

बोईसरच्या ज्या कारखान्यात ते केमिस्ट होते, तिथल्या साहेबांनी बजावलं होतं, "बरे होऊन या. पुन्हा वास आला तर घरी बसा." घरही कारखान्याचंच होतं, त्यामुळे घरी बसायलाही जागा उरणार नव्हती.

तिथलं व्यसनमुक्ती केंद्र फक्त पुरुषांचं. बायका रडतात आणि त्यामुळे पुरुषांचा निर्धार ढासळतो, म्हणून बायकांना फाटकाच्या आत मज्जाव. केंद्राचे चालक निवृत्त मास्तर होते. निर्धाराचा त्यांना गाढा अभ्यास होता, दारूचा मुळीच नव्हता. दर रविवारी आम्ही बायका फाटकाबाहेर उन्हात उभ्या राहून निर्धाराला हातभार लावायचो.

केंद्राच्या वाडीत ताडाची झाडं होती. पहाटे उतरवलेली ताजी नीरा गोड आणि निरुपद्रवी असते. शरीरशुद्धीसाठी ती प्रत्येकाला पेलाभर मिळे. पण आधी प्रार्थना, मग योगासनं आणि मग व्यसनाच्या दुष्परिणामांवर मास्तरांचं व्याख्यान. मास्तर फार तळमळीने बोलत. तोवर दहा वाजत, ऊन चढे आणि ओसरीवरच्या मडक्यात नीरेची ताडी होई.

दुसऱ्या रविवारी आजोबा फाटकाशी आले ते भलतेच प्रसन्न. दातिवऱ्याची एक कोळीण नवऱ्याला भेटायला आली होती. ती मला म्हणाली, "आमचा बी गानी म्हनतो गं बाय! घरी असा कदी हसला नाय. आजून एक म्हयना ठेवू काय?"

मी सळयांतून आजोबांचं तोंड हुंगलं. "अगं, ही तर ताडी!"

"मंग? ताडी हाय, दारू नाय. थंड आसते ती."

मी मास्तरांना हाक मारली. ते म्हणाले, "नीरा आहे, बाई. यातलं बायकांना कळत नाही."

"मग तुम्हीच चाखून बघा."

"मी? मी चहासुद्धा घेत नाही!"

ते गेल्यावर मी आजोबांना विचारलं, "केमिस्ट ना तुम्ही?"

"पहिल्याच दिवशी कळलं होतं," ते म्हणाले. "पण उपचारात ढवळाढवळ कशाला करायची?"

"कारखान्याच्या दारात हुंगतील, तेव्हा मास्तर येतील का मध्ये पडायला?"

त्यांचं हसू मावळलं.

दुसऱ्या दिवसापासून ते पेला परत करू लागले. त्याबद्दल सगळ्यांदेखत बोलणी खाल्ली. पुढच्या रविवारी आले तेव्हा हात थरथरत होते, डोळे खोल गेले होते.

"बघा बाई," मास्तर म्हणाले, "बाकीचे किती आनंदात आहेत. तुमच्या यजमानांचीच तेवढी प्रगती नाही."

निरोपाच्या दिवशी बाकीच्यांना हार आणि प्रमाणपत्रं मिळाली. असहकारामुळे आजोबांना काहीच नाही. कारखान्यात साहेबांनी कागद मागितलाच नाही. जवळ येऊन वास घेतला आणि म्हणाले, "चला, पाळी सुरू झालीय."