स्विस घड्याळाचं झाकण

आमच्या शेजारचे निवृत्त सुभेदार माणसाला भेटत नाहीत, त्याच्या मनगटाला भेटतात. हात धरतात, घड्याळ उलटं करतात आणि नाक मुरडतात, "चीनचं हाय रं गड्या, फेकून दे!" आष्ट्याला भर मांडवात नवरदेवाला सासऱ्यानं दिलेलं घड्याळही त्यांनी असंच उलटं केलं. बिचाऱ्या सासऱ्याची मान खाली गेली.

परवा सुभेदारांचं महागडं स्विस घड्याळ बंद पडलं. इस्लामपूरला दुरुस्तीला निघाले, तेव्हा मी मुद्दाम सोबत गेलो. कारागिरानं झाकण उघडलं आणि कौतुकानं म्हणाला, "आवं सुभेदार, आतलं मशीन चीनचं हाय, पर लय झ्याक! सेल टाकला की धा वर्सं बघाय नको."

"सेल नको. झाकण लाव."

तेव्हापासून त्यांच्या मनगटावर सव्वादहाच वाजलेत. पण अस्सल स्विस सव्वादहा!