मागच्या लग्नातला मामा

छापखान्यात कॉम्प्युटर आला त्या दिवशी आप्पांनी खिळ्यांच्या पेट्यांवर कापड टाकलं आणि ते ओट्यावर जाऊन बसले.

आप्पा म्हणजे माझे वडील. काष्टीच्या पेठेत आमचा छापखाना होता. छापखाना म्हणजे एक खोली, पायाने चालवायचं एक यंत्र आणि शिशाची अक्षरं. एकेक अक्षर, एकेक वेलांटी उचलून ओळ जुळवायची. त्या अक्षरांना खिळे म्हणत आणि ती जुळवणाऱ्याला जुळारी. आप्पांनी तरुणपणापासून दुसरं काही केलं नव्हतं. नव्वद साल उलटल्यावर गिऱ्हाइकं लग्नपत्रिका दौंडहून करून आणू लागली. तिकडे कॉम्प्युटरवर वेलबुट्टी निघायची. तेव्हा मी नगरला जाऊन कोर्स केला आणि आप्पांच्या मागे लागले. ते ‘आण’ म्हणाले. एवढंच.

कॉम्प्युटरशी माझी पहिली ओळख भीतीची होती. नगरच्या क्लासमध्ये चपला बाहेर काढाव्या लागत. खिडक्यांना जाड पडदे होते आणि आम्ही मुली आत हळू आवाजात बोलायचो. काष्टीत तोच कॉम्प्युटर आमच्या टेबलावर बसला आणि भीती जाऊन लाड सुरू झाले. आईने जुन्या साडीचं झाकण शिवलं. शेजारचा चहावाला नारळ फोडायला आला होता. आमच्या घरात ती पद्धत नव्हती, म्हणून आईने त्याच्या हातावर पेढा ठेवला. तोही नारळ घेऊन खुशीत परत गेला.

मी आनंदात होते. फक्त आप्पा आत येत नव्हते. मी छापखाना वाचवायला निघाले होते आणि तो त्यांच्या हातून काढून घेऊन बसले होते. मला ते आत हवे होते, कामात हवे होते.

चहावाला त्यांना ओट्यावर चहा द्यायचा आणि चिडवायचा.

“आप्पा, पोरीनं टीव्ही आणला म्हनं. पिच्चर दाखवती का न्हाई?”

“दाखवती की. रोज एकच. लोकांची लग्नं.”

मी प्रूफ घेऊन त्यांच्याकडे जायची. ते कागद हातात धरायचे, जरा वेळ बघायचे आणि परत द्यायचे.

“काही चुकलंय का?”

“काय ठावं. सरळ वाचलं की डोळा घसरतोय माझा. लई गुळगुळीत हाय हे.”

खिळ्यांवरचं अक्षर उलटं असतं. जुळारी ओळ लावतो ती डोकं खाली, पाय वर अशी, आणि तशीच वाचतो. आप्पांचं सगळं आयुष्य तसं वाचण्यात गेलं होतं. माझा सुबक कागद त्यांच्या डोळ्याला परका होता.

गिऱ्हाइकांना मात्र कॉम्प्युटरचं एक मर्म पटकन कळलं. खिळ्यांच्या काळात ओळी चौकटीत आवळल्या की आप्पा सांगायचे, “फर्मा आवळला. आता मामा न्हाई का काका न्हाई.” कॉम्प्युटरवर नाव कधीही घुसवता येतं म्हटल्यावर माणसं माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसू लागली.

“ताई, साडू राह्यला बघा.”

“काल दोन साडू घातले की हो.”

“ह्यो तिसरा. ह्यो जरा रागीट हाय.”

ज्याचा हा रागीट साडू, त्या माणसाच्या मुलीचं लग्न होतं. पत्रिका उन्हाळ्याच्या गर्दीत आली होती. मजकूर मी बटर पेपरवर काढला. त्या पारदर्शक कागदावरूनच पुढे स्क्रीन-छपाईची जाळी तयार व्हायची, म्हणजे चूक दुरुस्त करायची ती तिथेच. तेवढ्यात वीज गेली. खोलीत अंधार झाला, म्हणून मी कागद घेऊन ओट्यावर उजेडात आले. मुलीचे वडीलही मागोमाग आले.

आप्पांनी माझ्या हातातून तो कागद घेतला. मी काही बोलले नव्हते. त्यांनी तो पालथा केला, खालची बाजू वर फिरवली आणि उन्हासमोर धरला. मागून, उलटी, डोक्यावर उभी अक्षरं. त्यांचे ओठ हलू लागले. बोट एकेका ओळीवरून सरकत गेलं आणि थांबलं.

“ह्यो खर्डा गावचा मामा हितं काय करतोय?”

“कोण मामा?”

“अगं, मागल्या आठवड्यातल्या लग्नातला. त्याच्या भाचीचं उरकलं की. ह्यांच्यात कशाला आला?”

मी आधीच्या पत्रिकेवरच नवी नावं भरली होती. खिळ्यांच्या कामात हे होऊच शकत नव्हतं. छपाई झाली की खिळे आपापल्या खणात परत जायचे आणि जुनं लग्न मोडून जायचं. कॉम्प्युटरमध्ये ते शाबूत राहिलं होतं.

मुलीचे वडील आधी गंभीर झाले, मग म्हणाले, “राहू द्या की. आला तर आहेर घिऊनच यील.”

आप्पा हसायला लागले. कागद हलायला लागला म्हणून तो माझ्याकडे दिला आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. वीज येण्याची वाटही न पाहता ते आत गेले आणि कॉम्प्युटरसमोर उभे राहिले.

“ह्याला उलटं दाखवता येतं का गं?”

येत होतं. मला माहीत नव्हतं, पण वीज आल्यावर शोधलं. एका आज्ञेसरशी अख्खं पान डोक्यावर उभं राहिलं आणि आप्पा माझ्या खुर्चीत बसले. त्या दिवसापासून आमच्याकडे पत्रिका आधी उलटी व्हायची, मग छापली जायची. नवं गिऱ्हाईक पडद्याकडे बघून दचकायचं.

“ताई, मशीन बिघडलं व्हय?”

“बिघडलं नाही. आप्पा वाचतायत.”

आणि कुणी चौथ्या साडूचं नाव काढलं की आप्पा पडद्याचं बटण बंद करायचे. “फर्मा आवळला.” माणूस निमूट उठायचा.

पुढे कॉम्प्युटर बदलत गेले. मला त्यांची भीती उरली नाही, लाडही उरले नाहीत. घरातल्या माणसावर करवादावं तशी मी त्यांच्यावर करवादते. पत्रिका आता बहुतेक मोबाईलवरच जातात. आप्पा मागच्या हिवाळ्यात गेले. त्याच्या आदल्या महिन्यापर्यंत ते प्रूफ वाचत होते.

आता प्रूफ मी सरळच वाचते. एखादी चूक राहते, गिऱ्हाईक फोन करून सांगतं, मी दुरुस्त करून पाठवते. छापखान्यात मी आणि कॉम्प्युटर, दोघंच असतो.