सरांची चूक

आमच्या मुलीचे गाण्याचे सर वरठीच्या कारखान्यातून सायकलने येतात, साबणाने हात घासून धुतात आणि मगच पेटीला हात लावतात. शिकवतानाही बोलणं कमीच. "आनखी एक डाव," एवढंच म्हणतात.

माझी मुलगी शाळेत हजेरीलाही तोंड उघडत नसे. गॅदरिंगला ती माइकसमोर नुसतीच उभी राहिली. साथीला पेटीवर बसलेल्या सरांनी गाण्याची सुरुवात वाजवली, परत वाजवली आणि तिसऱ्यांदा चक्क चुकीचा सूर लावला.

"सर, चुकलं तुमचं!" ती माइकमध्येच बोलली.

"हो बाई. मंग तूच सांग मले, कसं हाय ते."

तिनं गाऊन दाखवलं. अख्खं गाणं.

नंतर मी विचारलं, "सर, मुद्दाम चुकलात ना?"

पेटीची कडी लावत ते म्हणाले, "पोरीनं सरले टोकलं न भाऊ! आता तिले कोनाचं भेव नाही."