जनरलच्या दिवाणखान्यात गाऱ्हाणं

बहरीनला जायचं ठरलं ते ताईच्या फोनमुळे. नव्वदच्या दशकात आखातातला फोन महाग, त्यामुळे माणसं कामापुरतंच बोलत. ताई म्हणाली, "यांची कंपनी बंद व्हायचं चाललंय. आमचा व्हिसा आहे तोवर बाबांना घेऊन ये." थोडक्यात, भावोजींची नोकरी जायच्या आत आम्ही फिरून घ्यायचं. बाबांनी हे ऐकून बॅगेत कपड्यांच्या आधी कुळथाचं पीठ, कोकमं आणि सोललेला नारळ भरला.

मुंबईहून विमानात बसलात की जेवण आटपून डुलकी लागते तोच बहरीन येतं. विमानतळावर भावोजींसोबत इकबालभाई आले होते. हे भावोजींच्या कंपनीचे मालक जनरलसाहेब यांचे ड्रायव्हर आणि आमच्या राजापूर तालुक्यातलेच. त्यांनी बाबांना गाव विचारलं, मग वाडी, मग शेजाऱ्यांची नावं, आणि मनामा येईपर्यंत दोघं लांबचे नातेवाईक निघायचे बाकी राहिले.

जाणार असाल तर बाब अल बहरीनच्या बाजारात संध्याकाळीच जा, दुपारी दुकानं बंद असतात. सोनं नुसतं बघायला काही पडत नाही. शावर्मा दोनशे फिल्सला मिळे आणि एकात पोट भरे. सकाळी भट्टीतून काढलेली गरम खुब्ज ही रोटी, सोबत उसळ. बाबा ती खाऊन म्हणाले, "भाकरीची सर नाही," आणि आणखी एक घेतली.

आता जनरलसाहेबांबद्दल. मूळ युरोपातल्या उमराव घराण्यातले. वाडवडिलांची जमीन गेली, पण ताठ मान राहिली. मग जो पैसे देईल त्याच्यासाठी हे लढाया करू लागले आणि मिळालेल्या पैशांतून चित्रं-मूर्ती घेत गेले. म्हातारपणी बहरीनमध्ये पहारेकरी पुरवणारी कंपनी काढली. भावोजी तिथे अकाउंटंट. आता साहेबांना सगळा संग्रह घेऊन युरोपात परतायचं होतं. कंपनी बंद म्हणजे भावोजींचा व्हिसा खलास.

शुक्रवारी त्यांनी आम्हाला बुदय्या गावातल्या बंगल्यावर चहाला बोलावलं. खजुरांच्या बागांमधून रस्ता जातो, फार सुंदर आहे. भावोजी मात्र वाटभर सूचना देत होते. "कशाला हात लावायचा नाही. कंपनीचा विषय काढायचा नाही. बाबा, तुम्ही फक्त हसा."

साहेब सहा फुटी, काठी गिळल्यासारखे ताठ. त्यांनी वाकून ताईच्या हाताचं चुंबन घेतलं आणि बाबा लगेच छताकडे बघू लागले. मग एकेक चित्र दाखवणं सुरू झालं. "हे एका राष्ट्राध्यक्षाला खुर्चीवर बसवल्याच्या पैशांतलं," साहेब म्हणाले. "आणि हे त्यालाच उतरवल्याच्या." भावोजी आमच्यासाठी मराठीत सांगत होते आणि घाम पुसत होते.

शेवटच्या खोलीत काचेच्या कपाटात चांदीचा मुखवटा होता. मोठे डोळे, पिळदार मिश्या. शिमग्याला आमच्याकडे पालखीत ग्रामदेवाची अशीच रूपं, म्हणजे मुखवटे, लागतात. जुनी झिजली की नवी घडवतात, त्यातलंच हे फिरत फिरत लंडनच्या लिलावात पोचलं असणार. बाबांनी चपला काढल्या.

"बाबा, नको," भावोजी पुटपुटले.

पण देव समोर आणि जावयाची नोकरी संकटात असताना आमच्याकडचा माणूस गप्प बसत नाही. बाबांनी पिशवीतून नारळ काढून कपाटासमोर ठेवला, हात जोडले आणि खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा! तू खंयच्या गावचो आमका ठावूक नाय, पण आमचोच समजून ऐक. ह्या सायबाच्या डोस्क्यात कंपनी बंद करूचो जो इचार इलो आसात, तो सात समुद्रापलीकडे ने रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" ताई आणि मी सवयीने ओरडलो. सगळ्यात मोठा आवाज दारातून आला, इकबालभाईंचा. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या पालखी थांबते, ते तरी काय करणार.

साहेबांनी भावोजींकडे पाहिलं. "काय म्हणाले?"

"तुमच्या संग्रहाची स्तुती करताहेत, सर."

"खोटं. मी आयुष्यभर भाडोत्री फौजा सांभाळल्या. माणूस पोटासाठी बोलतो तेव्हा कुठल्याही भाषेत ओळखू येतं."

भावोजींनी मग खरं ते सांगितलं, अगदी डोस्क्यासकट. मी मनात आमच्या परतीच्या तिकिटांत त्यांचंही तिकीट धरलं.

साहेबांनी कपाटाकडे बोट केलं. "यात देवाला काय मिळतं?"

"नारळ," बाबांनी भावोजींकरवी कळवलं. "काम झालं तर कोंबडा."

"काम झाल्यावर मोबदला. मीही असाच करार करायचो." मग त्यांनी विचारलं, "माझं एक काम सांगता येईल?"

त्यांना एक मुलगी होती. वडिलांच्या धंद्याची तिला किळस होती. कित्येक वर्षं पत्राला उत्तर नव्हतं. ती राहते त्या गावात घर घेऊन ही चित्रं तिच्यासाठी मांडायची, म्हणून तर परतायची घाई. बाबांनी सगळं ऐकलं आणि ते म्हणाले, "त्यांना सांगा, दार लावून घेतलेल्याच्या दारात सामान उतरवू नये. आधी तिला इकडे बोलावू." पुन्हा हात जोडले. "बा देवा म्हाराजा! ह्येची लेक रुसली हा. तिका बापाच्या घराकडे घेवन ये रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी भावोजीही ओरडले. साहेबांचे ओठ हलले, आवाज फुटला नाही. मला त्या क्षणी त्यांची फार दया आली.

आम्ही घरी परतलो आणि महिन्याभरात ताईचा फोन आला. साहेब मुलीची वाट बघत बहरीनमध्येच राहणार, कंपनी चालू, व्हिसा वाढला. बाबांनी त्याच आठवड्यात देवळात कोंबडा दिला.

जनरलची मुलगी मात्र आली नाही. पुढच्या फोनलाही नाही, त्याच्या पुढच्यालाही नाही. बाबांना हे लागून राहिलं. आपलं काम झालं आणि त्या माणसाचं अडलं, याची त्यांना लाज वाटे. शिमग्याला पालखी आमच्या अंगणात आली तेव्हा ते घरचं काही मागायचंच विसरले आणि बहरीनच्या जनरलसाठी गाऱ्हाणं घातलं. कोण हा जनरल, कुणाला ठाऊक नव्हतं. तरी पैसे घेऊन दुसऱ्यांसाठी लढलेल्या त्या माणसासाठी सगळी वाडी मनापासून ओरडली.