उन्हात ठेवलेले सेल
आज घड्याळाचे उतरलेले सेल उन्हात ठेवले होते, ते उचलताना बोटांना चटका बसला आणि ती सकाळ आठवली. मुलीने कॉलेजसाठी धानाच्या बांधीतलं पाणी मोजणारी डबी केली होती. दर तासाला डबी तिच्या फोनवर मेसेज पाठवायची. पहिल्या दिवशी घातलेल्या सेलांवरच महिनाभर न चुकता चालली, तर सर तिला भोपाळच्या प्रदर्शनाला नेणार होते. शेवटच्या दिवशी मी बांधीत निंदायला, तण काढायला गेले, तर डबीचा दिवा विझलेला. सेल उतरले असं वाटून मी ते काढले आणि घरच्या सवयीने धुऱ्यावर, बांधीच्या कडेच्या मातीवर उन्हात ठेवले. थोड्या वेळाने तिचा फोन आला. "आई, दहाचा मेसेज नाही आला. डबी पाह्य बरं!" "दिवाच नाही लागून राह्यला," मी म्हटलं. "अवं, झोपली असन ते. सेल वाचवाले झोपते, तासानं उठते. तू हात तं नाही लावला?" तापलेले सेल माझ्या मुठीत होते. "नाही," मी म्हटलं आणि घाईने ते आत घातले. दिवा एकदा लुकलुकला. दुसऱ्या दिवशी सर मुलीला घेऊन बांधीवर आले. "दस बजे क्यों रुकी?" मुलीने डबी उघडली. सेलांना धुऱ्याची माती चिकटलेली होती. तिने माझ्याकडे एकदाच पाहिलं, माती ओढणीने पुसली आणि म्हणाली, "मेरी गलती है सर, तार ढीला रह गया था." भोपाळला दुसराच कोणी गेला. आज सेल हातात धरूनच मी तिला फोन लावला, पण धानाचंच बोलून ठेवून दिला.