गालाआडचं हाड

हे लिहून ठेवतोय, कारण घरात बाकी सगळे अजून मी सांगितलेलंच खरं मानतात.

बायकोच्या खालच्या दाढा काढून बरीच वर्षं झाली होती. तिथलं हाड झिजून पातळ झालेलं. शाहूपुरीतल्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "आधी हाड भरू. ते मुरलं की त्यात दात बसवू." ती चूळ भरायला गेली तेव्हा त्यांनी विचारलं, "काका, हनुवटीतलं हाड काढून लावायचं, की जनावराच्या हाडाची शुद्ध केलेली भुकटी चालेल? काकूंना विचारतो."

"मी सांगतो तिला," मी म्हणालो. आम्ही जैन. जयसिंगपूरच्या आमच्या घरात कांदा-बटाटासुद्धा येत नाही. पण तिची हनुवटी कापलेली मला बघवली नसती. मी भुकटीला हो म्हटलं आणि तिला सांगितलं, खनिजाची पूड आहे.

मग हाड मुरायचे महिने. दुपारी ती सोप्यात गालाखाली हात घेऊन पडायची. "आत कायतरी रुजतंय बगा," म्हणायची. माझ्याही डोळ्यांवर झापड यायची. उसाच्या सरीतून एक पांढरं जनावर आवाज न करता येई, तिच्या उशाशी बसून रवंथ करत राही. जाग आली तरी त्याचा उबदार श्वास सोप्यात रेंगाळल्यासारखा वाटे.

दात बसले. ती फुटाणे कडाकडा खाऊ लागली. मला तो आवाज ऐकवत नसे.

क्षमावाणीच्या दिवशी मंदिरातून आल्यावर मी नेहमीसारखे हात जोडले. "कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा कर."

ती हसली. "दरवर्षी आपलं कळत-नकळत! काय चुकलंय ते सांगा की एकदा."

मी सांगितलं. सगळं.

तिची जीभ आतून दातांवरून फिरताना गालावर दिसत होती.

"गाईचं का बैलाचं?"

"ठाऊक न्हाय."

"आनि मला इचारावं असं न्हाय वाटलं?"

"तू नको म्हणाली असतीस."

"व्हय, म्हनलीच असती!" मग आवाज खाली आला. "माझी माफी नंतर बघू. ज्याचं हाय त्याची मागा आधी."

तिनं माझा हात ओढून आपल्या गालावर ठेवला. गाल ऊन होता. मी डोळे मिटले. त्या जनावराला काय म्हणून हाक मारायची, ते काही केल्या सुचेना. ती वाट बघत होती.