मशीनच्या छातीतला चालक

माझा दादा एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करत होता. दिवसभर लिफ्टच्या टपावर उभा राहून तारा तपासायचा आणि घरी आला की प्लास्टिकचे रोबो जोडत बसायचा. वहिनी म्हणायची, यंत्रांशी आठ तास झटापट करूनही या माणसाचं पोट भरत नाही. मीही तिच्या सुरात सूर मिसळायची. पण त्याला चिडवायचा हक्क आम्हा दोघींचाच होता. तिसऱ्या कुणी तोंड उघडलं तर माझ्याशी गाठ होती.

दर रविवारी वाचनालयाच्या मागच्या हॉलमध्ये आठ-दहा पिकलेली डोकी जमत. टेबलावर पुठ्ठ्याच्या इमारती मांडायच्या, फासे टाकायचे, टेपने अंतर मोजायचं आणि आपापली फौज लढवायची. चाळिशीपुढची माणसं अर्ध्या इंचावरून अशी भांडत की जणू वडिलोपार्जित जमीन चालली आहे. त्यांचा नियम एकच होता. रंगवल्याशिवाय मशीन, म्हणजे त्यांचा रोबो, टेबलावर यायचं नाही, आणि रंग ज्याचा त्यानेच द्यायचा. कसाही असो, हात स्वतःचा हवा.

गेल्या वर्षी दादाने हातभर उंचीचं मशीन आणलं. एकशे साठ तुकडे. एकेक तुकडा प्लास्टिकच्या चौकटीतून कापायचा, कड पॉलिश पेपरने घासायची, मग चिकटवायचा. छाती मात्र उघडी ठेवायची, कारण आत नखाएवढा चालक बसतो आणि त्याला आधी रंगवावं लागतं. पाय, खांदे, तोफा दादाने झकास रंगवल्या. जाड ब्रश कोरडा करून घासला की थरथर खपून जाते. होय, तोवर त्याचा उजवा हात थरथरायला लागला होता.

ऑफिसातही ते लपलं नव्हतं. साहेबांनी त्याला दोनदा सांगितलं, आता वर चढू नका, खाली बसून तक्रारींचे फोन घ्या. दादाने थोडी मुदत मागून घेतली. मशीन एकदा टेबलावर उतरू दे, मग ठरवतो, असं तो आम्हाला म्हणाला. चालकावर त्याने तीन आठवडे घालवले आणि मग काड्यापेटीत घालून तो मशीनसकट माझ्याकडे दिला. मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते, बारीक कामाला माझा हात बसलेला. चालक खुर्चीत बसवून छातीचं दार बिजागरीवर लावायचं, एवढंच काम होतं.

काड्यापेटी उघडली तर चालकाचा एक डोळा कपाळावर गेलेला, हातमोज्याचा लाल रंग हनुवटीपर्यंत फासलेला. मला दया आली. खरं सांगायचं तर लाजही वाटली, लोक हसतील याची. लॅबमधलं स्पिरिट कापसावर घेतलं आणि त्याचे तीन आठवडे दोन मिनिटांत पुसले. मग दातांना छटा देतो त्या ब्रशने भुवयांसकट चालक नव्याने रंगवला. तेव्हा मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं. आज ते आठवलं तरी मान खाली जाते.

रविवारी मीही हॉलमध्ये गेले. दादाने छातीचं दार उघडलं. भिंग या हातातून त्या हातात फिरलं, जो तो वाहवा करू लागला. शेवटी दादाने स्वतः पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आता आपली चोरी पकडली जाणार म्हणून मी दाराकडे सरकले.

"वाळल्यावर रंग बसतो म्हणतात, ते खोटं नाही," तो म्हणाला.

मी हसले. तेव्हाच बोलायला हवं होतं. परतीच्या वाटेवर तो म्हणाला, साहेबांना नाही म्हणून सांगतो. "जो हात एवढासा डोळा काढतो, त्याला स्क्रू जड जाणार आहे का?" मी रिक्षा बघायच्या निमित्ताने पुढे झाले.

सोमवारी तो वर चढला. मंगळवारीही चढला. किती खुशीत आहेत म्हणून वहिनीने मला फोन केला आणि मी चक्क "बरं झालं" म्हणाले. बुधवारी तिचा पुन्हा फोन आला. दादाच्या हातून पक्कड निसटून सहा मजले खाली गेली होती. खाली कुणी नव्हतं. हाताला तेल होतं असं तो म्हणत होता. मी लॅबला कुलूप लावलं आणि सरळ त्याच्या घरी गेले.

मशीन टेबलावर उभं होतं. मी बसलेसुद्धा नाही. चालक मी रंगवला, तुझा नाही तो, असं एका दमात सांगून टाकलं. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात थबकली. दादाने हात मांडीखाली दाबून धरला.

"माझा रंग पुसलास, की वरून चढवलास?"

"पुसला."

"वरून चढवला असतास, तर खाली मी तरी राहिलो असतो."

मी माफी मागितली. चहा घेऊन जा, म्हणाला. मी कप तसाच ठेवून निघाले.

दुसऱ्या दिवसापासून दादा खाली बसून फोन घेऊ लागला. महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलला. मग एकदा लॅबमध्ये आला आणि स्पिरिटची लहान बाटली मागून घेऊन गेला. कशाला, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. वहिनीकडून कळलं की माझा चालक त्याने पुसून टाकला आणि परत पहिल्यापासून रंगवायला बसला आहे. या खेपेला चार महिने लागले.

आता ते मशीन दर रविवारी टेबलावर उतरतं. छातीचं दार दादाने स्वतः लावलं. बिजागरीवर नाही, चिकटवून टाकलं. आतला चालक कसा दिसतो, मला माहीत नाही.